मोम्बासाची रेल्वे आणि जोखमीचा हिशेब

३१ मे २०१७ रोजी केनियाचं बंदर असलेल्या मोम्बासाजवळच्या मिरितिनी स्थानकातून 'मदारका एक्स्प्रेस' पहिल्यांदा नैरोबीकडे निघाली. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याट्टा स्वतः गाडीत बसले होते. दुसऱ्या दिवशी मदारका दिन होता. १९६३ साली केनियाला अंतर्गत स्वराज्य मिळालं तो हा दिवस, त्यामुळे गाडीचं नाव आणि मुहूर्त दोन्ही विचारपूर्वक निवडलेले. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. सुमारे ४७० किलोमीटरचा हा मार्ग केनियाने स्वातंत्र्यानंतर हाती घेतलेलं सर्वात मोठं बांधकाम होतं. खर्च आला सुमारे ३२७ अब्ज केनियन शिलिंग, आणि त्यातला बहुतेक पैसा चायना एक्झिम बँक या चीनच्या सरकारी बँकेच्या कर्जातून आला.

मी उरणचा. दारावरून कंटेनरचे ट्रेलर जाताना बघत वाढलो. बंदर आणि गोदाम यांच्या मधल्या पट्ट्यात किती जणांची पोटं भरतात ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. क्लिअरिंग एजंट, ट्रेलरचा ड्रायव्हर, सीएफएसमधला (बंदराबाहेर कंटेनर ठेवून माल सोडवतात त्या आवारातला) सर्व्हेअर, हायवेवरचा पंक्चरवाला, त्याच्या शेजारी वडापाव लावणारी बाई. म्हणून या रेल्वेबद्दल वाचताना 'चीनचा कर्जसापळा' या मथळ्यापाशी मी थांबू शकलो नाही. मोम्बासात याच लोकांचं काय झालं, आणि ते कराराच्या कोणत्या कलमामुळे झालं, हे मला जाणून घ्यायचं होतं. पुढची मांडणी त्या अंगाने आहे.

आधीचा रूळ

मोम्बासातून आत जाणारी ही पहिली रेल्वे नव्हे. १८९६ साली ब्रिटिशांनी इथूनच व्हिक्टोरिया सरोवराकडे मीटरगेज टाकायला घेतली आणि १९०१ च्या अखेरीस ती आजच्या किसुमुला पोचली. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. नैरोबी शहर मुळात या रेल्वेच्या सामानाचा तळ म्हणून उभं राहिलं. त्या काळी तिथे चलन आपल्या रुपयाचं आणि कायदा बऱ्याच अंशी हिंदुस्थानी. मोम्बासा रस्त्यावरच्या टपरीला आजही 'दुका' म्हणतात, तो आपल्या 'दुकान'चाच अवतार. ट्रकवाले तिथे चपाती आणि न्डेंगू खातात. न्डेंगू म्हणजे मुगाची उसळ.

ती मीटरगेज शंभर वर्षांनी मोडकळीला आली. २००६ साली सरकारने ती खासगी कंपनीकडे सोपवली, पण प्रयोग फसला. बंदरात उतरणारा बहुतेक माल ट्रकने जाऊ लागला. रेल्वे हवी होती हे निर्विवाद. कुठली, केवढी आणि कुणाच्या जिवावर, हा प्रश्न होता.

सर्वेक्षण कुणी केलं

या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते. २००९ साली केनिया सरकारने चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशन या चिनी सरकारी कंपनीशी सामंजस्य करार केला. कंपनीने व्यवहार्यता अहवाल फुकट करून दिला. पुढे काम त्याच कंपनीला मिळालं, खुली निविदा न काढता. एक्झिम बँकेचं कर्ज हवं असेल तर ठेकेदार चिनी हवा, हे बँकेच्या अशा कर्जांचं सर्वसाधारण धोरणच आहे. कामावर देखरेख ठेवणाऱ्या सल्लागारांच्या गटातही चिनी रेल्वेची संस्था होती.

घर बांधायचं ठरवल्यावर किती मजले परवडतील हे आपण बांधणाऱ्या कंत्राटदारालाच विचारलं, तर उत्तर काय येईल? इथे तेच झालं. मार्गाची क्षमता वर्षाला २२ दशलक्ष टन माल वाहण्याची धरली. २०१३ साली जागतिक बँकेच्या एका अभ्यासाने उलट मत मांडलं होतं: पूर्व आफ्रिकेत आहे तेवढ्या मालासाठी स्टँडर्ड गेजचा (मीटरगेजहून रुंद, या नव्या रेल्वेच्या रुळाचा) खर्च वसूल होणं अवघड, जुनी मीटरगेज दुरुस्त करणं कितीतरी स्वस्त. नैरोबीत त्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. याचा दोष एकट्या चीनवर टाकणं मला पटत नाही. फुकट अहवाल स्वीकारणारे आणि दुसरं मत न मागणारे केनियाचेच मंत्री आणि अधिकारी होते.

आता मालाचे आकडे बघा. २०२२ आणि २०२३ मध्ये या रेल्वेने वर्षाला सहा ते साडेसहा दशलक्ष टन माल नेला, म्हणजे ठरवलेल्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय तो एकाच दिशेने जातो. बंदरातून वर जाणारी गाडी भरलेली असते आणि परतीला मुख्यतः रिकामे कंटेनर येतात. केनिया चीनकडून जेवढ्याचा माल घेतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही चीनला विकत नाही. चहा, कॉफी आणि २०२२ पासून ताजे अ‍ॅव्होकॅडो जातात, पण त्याने परतीची गाडी भरत नाही. रेल्वे दोन्ही दिशांनी कमावते तेव्हाच तिचं गणित जमतं. व्यापार एकतर्फी असल्याचा फटका असा थेट रेल्वेच्या ताळेबंदात बसला.

कर्जाची कलमं

११ मे २०१४ रोजी चीनचे पंतप्रधान ली केकियांग नैरोबीत असताना कर्जावर सह्या झाल्या. कर्जं दोन. एक सवलतीचं, सुमारे १.६ अब्ज डॉलर, २ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, त्यातली पहिली सात वर्षं हप्ता नाही. दुसरं व्यापारी, जवळपास तेवढंच, १५ वर्षांचं, पाच वर्षांच्या सवलतीसह. त्याचा व्याजदर सहामाही लायबोर अधिक ३.६ टक्के. लायबोर म्हणजे लंडनच्या बँका एकमेकींना ज्या दराने उसने देत तो दर. २०१४ साली तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली होता, त्यामुळे कर्ज स्वस्त वाटलं. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढले आणि हा दर पाच टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिला नाही.

त्यात डॉलर. सह्या झाल्या तेव्हा डॉलरला ८७ शिलिंगच्या आसपास पडत होते, जानेवारी २०२४ मध्ये १६० मोजावे लागत होते. रेल्वेचं तिकीट आणि भाडं शिलिंगमध्ये, परतफेड डॉलरमध्ये. चीनमध्ये किंवा नैरोबीत कुणी काही वेगळं केलं नाही, तरी शिलिंगमध्ये मोजलं तर कर्ज दुपटीच्या जवळ गेलं.

करार कितीतरी वर्षं गुप्त होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये, विल्यम रुटो सत्तेवर आल्यानंतर, वाहतूकमंत्री किपचुम्बा मुर्कोमेन यांनी कर्जाची कागदपत्रं उघड केली. त्यात गोपनीयतेचं कलम होतं, चिनी कायदा लागू होता, वाद झाला तर बीजिंगमध्ये लवाद, आणि खरेदीत चिनी मालाला प्राधान्य. रेल्वेचं उत्पन्न आणि आयातीवरचा रेल्वे विकास अधिभार यांसाठी वेगळी खाती ठेवायची होती, म्हणजे हप्त्याचे पैसे आधी बाजूला पडावेत. हा अधिभार २०१३ पासून आयात मालाच्या किमतीच्या दीड टक्का होता, नंतर तो वाढवून दोन टक्के केला. साबण असो की सुटे भाग, बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूमागे किसुमुचा दुकानदार या रेल्वेचे पैसे भरत होता. त्याच्या गावापर्यंत ती रेल्वे पोचलीच नाही.

२०१८ च्या शेवटी बातमी फुटली की मोम्बासा बंदर गहाण आहे, हप्ता चुकला तर चीन ते ताब्यात घेईल. बातमी जगभर फिरली, आपल्याकडेही पोचली. उघड झालेल्या करारांत बंदर गहाण ठेवल्याचं कलम सापडलं नाही. पण बंदराचा संबंध नव्हता असं म्हणणंही चुकीचं होईल. बंदर प्राधिकरण आणि रेल्वे महामंडळ यांच्यात एक वेगळा करार होता. दरवर्षी ठरावीक माल बंदराने रेल्वेला द्यायचा, आणि कमी पडला तर फरकाचे पैसेही बंदरानेच भरायचे. सरळ मराठीत सांगायचं तर माल मिळण्याची सगळी जोखीम बंदराच्या डोक्यावर ठेवली. बँकेला तिचे पैसे आणि ठेकेदाराला त्याचं बिल, या दोन्हींची तजवीज आधीच झाली होती. माल पुरेसा येईल का, या प्रश्नाचं ओझं केनियाच्या गळ्यात उरलं.

माल कुठून आणायचा

या कलमाचं पुढे काय होतं ते मोम्बासात बघायला मिळालं.

२०१८ च्या जानेवारीत मालगाड्या सुरू झाल्या. सुरुवातीला सवलतीचा दर होता तरी व्यापारी ट्रकच पसंत करत. कारण साधं आहे. ट्रक बंदरातून किंवा सीएफएसमधून माल उचलतो आणि थेट गोदामाच्या दाराशी लावतो. रेल्वेने जायचं तर कंटेनर आधी वाघिणीवर चढतो, नैरोबीच्या एम्बाकासी डेपोत उतरतो, तिथे जकात, तपासणी, रांग. मग शेवटचे दहा-वीस किलोमीटर न्यायला पुन्हा ट्रक लागतोच. माल उतरवून झाल्यावर रिकामा डबा शिपिंग लाइनला मोम्बासात परत द्यायचा. उशीर झाला की दिवसागणिक दंड. रेल्वेचं भाडं कागदावर कमी दिसतं, पण दोन्ही टोकांची हाताळणी, शेवटचा ट्रक आणि रिकाम्या डब्याची परतपाठवणी धरली की बेरीज वेगळी येते. न्हावा शेवात काम केलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल.

माल आपणहून येईना, तेव्हा सरकारने हुकूम काढला. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालं की नैरोबी आणि त्यापुढचा आयात माल रेल्वेनेच जाईल आणि एम्बाकासीत सुटेल. आयातदाराला निवड उरली नाही. मोम्बासा शहरावर याचा घाव बसला. माल शहरात सुटणारच नाही म्हटल्यावर सीएफएस ओस पडले, क्लिअरिंग एजंटांची कामं नैरोबीकडे गेली, ट्रक उभे राहिले. मारियाकानी, वोई, म्टिटो आंदेई, एमाली, म्लोलोंगो ही हायवेवरची गावं ट्रकवर जगतात. टायर, गॅरेज, लॉज, चपाती-न्डेंगूच्या खानावळी. ड्रायव्हर थांबेनासे झाले की गल्ल्यात रात्री काय पडणार? दर सोमवारी मोम्बासाचे लोक रस्त्यावर उतरू लागले, त्याला 'ब्लॅक मंडे' म्हणत. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. ऑक्टोबरमध्ये सरकारने हुकूम स्थगित केला आणि २०२० मध्ये मोम्बासाच्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबर २०२२ मध्ये शपथ घेताच रुटो यांनी मालाची सोडवणूक पुन्हा मोम्बासात आणली.

या भागाकडे मी परत परत येतो. त्या सोमवारी रस्त्यावर आलेल्या क्लिअरिंग एजंटाने कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. २०१४ च्या कराराची एक ओळ त्याला दाखवली गेली नव्हती. तरीही त्या कराराचा पहिला हप्ता त्याच्या घरातून गेला. कर्जाची चर्चा देशाच्या पातळीवर होते, 'केनियावर एवढे अब्ज' अशा भाषेत. केनिया नावाचा कुणी एक माणूस नाही जो हप्ता भरतो.

ओकिया ओम्टाटा या कार्यकर्त्याने आणि केनियाच्या वकील संघटनेने २०१४ सालीच या ठेक्याला न्यायालयात आव्हान दिलं होतं. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की रेल्वे महामंडळाने खरेदीचे नियम पाळले नाहीत. तोवर रेल्वे तीन वर्षं धावत होती. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दोन सरकारांमधल्या कर्जाच्या वाटाघाटीतून झालेली ही खरेदी नियमाला अपवाद धरून, तो निष्कर्ष फिरवला. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही मला वाटतं की तो अपवादच या साऱ्या दुखण्याचं मूळ आहे. कर्ज देणाऱ्या देशाने ठेकेदारही आणायचा आणि त्यामुळे निविदा नको, असं म्हटलं की किंमत तपासायची जागाच राहत नाही.

रेल्वेने काय दिलं

दिलं हे खरं आहे. जुन्या गाडीला मोम्बासा ते नैरोबी अख्खी रात्र आणि वर काही तास लागत, आता पाच-सहा तासांत माणूस पोचतो. वर्षाला २५ लाखांच्या आसपास लोक जातात आणि सणासुदीला तिकीट मिळत नाही. त्सावोच्या अभयारण्यात हत्तींना जायला रुळांखालून वाटा ठेवल्या आहेत. केनियाच्या मुली चीनमध्ये प्रशिक्षण घेऊन इंजिन चालवू लागल्या. साधं तिकीट एक हजार शिलिंग होतं, जानेवारी २०२४ पासून दीड हजार झालं. स्थानकं मात्र दोन्ही शहरांबाहेर, नैरोबीला सियोकिमाऊ आणि मोम्बासाला मिरितिनी, तिथून पुढे मटाटू (खासगी मिनीबस) किंवा लोकल शोधावी लागते. प्रवासी खूश आहेत आणि असावेत. पण प्रवाशांच्या भाड्यातून हे कर्ज फिटणार नाही, ते मालावरच फिटायचं होतं.

सापळा म्हणावं का?

२०१४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी केनियाने पहिल्यांदा युरोबाँड विकले, म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांकडून डॉलर घेतले. २०२४ मध्ये त्यांतल्या मोठ्या रोख्याची मुदत संपत आली तेव्हा देशाचा श्वास कोंडला. जुनं फेडायला फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा रोखा काढला, दहा टक्क्यांहून जास्त परताव्याने. त्याच वर्षी करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले, २५ जूनला संसदेत घुसले, गोळीबारात माणसं गेली आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. केनियाच्या एकूण परकीय कर्जात चीनचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. तेव्हा सगळा गळफास बीजिंगहून आला असं मानणं म्हणजे बाकीच्या सावकारांना मोकळं सोडणं. चीनला ही रेल्वे बळकावायची होती, असा पुरावा मला कुठे दिसत नाही. आपल्या कंपन्यांना काम, आपल्या पोलादाला गिऱ्हाईक आणि आपल्या बँकेला सुरक्षित परतफेड हवी होती. हे सगळं मिळालंही.

आपल्याकडचं उदाहरण ठेवून बघा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मूळ अंदाजाच्या सुमारे ८१ टक्के पैसा जपान देणार असं ठरलं: ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. तंत्रज्ञान आणि गाड्या जपानी असं ठरलं, म्हणजे कर्जासोबत पुरवठादार इथेही येतोच, आणि येन वधारला तर ते ओझं आपलंच. पण अर्ध्या टप्प्यावर व्याज दुप्पट होण्याची भीती या करारात नाही. पालघरच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी केलेला विरोधही उघड झाला, त्याच्या बातम्या झाल्या, दर बदलले. सौदा चांगला की वाईट हे वेगळं, पण निदान भांडायला कागद हातात होता. मोम्बासाकडे २०२२ पर्यंत तोच नव्हता.

चीननेही यातून धडा घेतलेला दिसतो. एप्रिल २०१९ मध्ये केन्याट्टा बीजिंगला गेले ते नैरोबीपलीकडच्या नैवाशाहून किसुमुपर्यंतच्या पुढच्या टप्प्याचं कर्ज मिळेल या आशेने. रिकाम्या हाताने परतले. त्यानंतर नैरोबीत २७ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे झाला, २०२२ मध्ये खुला झालेला. ठेकेदार तोच गट, पण या वेळी पैसा त्याने स्वतः घातला आणि २७ वर्षं टोल घेऊन वसूल करायचा. वाहनं कमी आली तर झळ कंपनीला. माझ्या मते हा बदल रेल्वेच्या कर्जापेक्षा बरा आहे, टोल कितीही टोचला तरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थमंत्री जॉन म्बादी यांनी सांगितलं की रेल्वेची तिन्ही कर्जं (२०१४ ची दोन आणि नैरोबीपुढच्या टप्प्याचं एक) डॉलरमधून चिनी युआनमध्ये बदलली आणि वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील. व्याज कमी झालं ही चांगली गोष्ट. पण केनिया चीनला विकतो फार थोडं, तेव्हा युआन आणायचे कुठून हा प्रश्न उभाच आहे. चलन बदललं, तरी त्याची जोखीम केनियाकडेच राहिली.

रूळ संपतो तिथे

नैरोबीपासून पुढे १२० किलोमीटरचा दुसरा टप्पा १.५ अब्ज डॉलरच्या वेगळ्या कर्जातून झाला. नैरोबी राष्ट्रीय उद्यानावरून सुमारे सहा किलोमीटरचा पूल घेऊन तो खोऱ्यात उतरतो आणि सुस्वाजवळ मोकळ्या माळावर थांबतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो सुरू झाला. पुढे युगांडाच्या सीमेपर्यंत जायचं होतं, पण पैसे मिळाले नाहीत. युगांडाने वाट बघून बघून २०२४ मध्ये आपल्या बाजूचं काम तुर्की कंपनीला दिलं.

मग केनियाने सुस्वाच्या टोकापासून लाँगोनॉटच्या जुन्या स्थानकापर्यंत २३-२४ किलोमीटरची नवी मीटरगेज टाकली आणि तिथून युगांडाच्या सीमेवरच्या मलाबापर्यंतची जुनी लाइन डागडुजी करून घेतली. आज युगांडाच्या राजधानीचा, कम्पालाचा कंटेनर मोम्बासाहून स्टँडर्ड गेजने इथवर येतो. क्रेन तो वाघिणीवरून उचलते, बाजूच्या मीटरगेजच्या वाघिणीवर ठेवते, कामगार कोपऱ्यांच्या खिट्ट्या फिरवून बंद करतात, आणि जुनं डिझेल इंजिन तो घेऊन नाकुरूच्या दिशेने चढ चढू लागतं, आपल्याकडून गेलेल्या मजुरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आखलेल्या वाटेवरून.